दहा बाय सोळाच्या हॉलमध्ये हाय-फाय बसवताना

पहिल्यांदा हाय-फाय, म्हणजे गाणं ऐकायची चांगली स्पीकर-अॅम्प्लिफायरची जोडणी, घेणारा माणूस सगळं डोकं ‘कोणते स्पीकर घेऊ?’ यातच घालतो. महिनाभर वाचन करतो, दुकानं पालथी घालतो आणि आणलेले स्पीकर टीव्ही युनिटच्या दोन टोकांना, जिथे जागा उरली असेल तिथे ठेवून देतो. मग डग्गा घुमतो, वरचे स्वर टोचतात, गाण्यातले शब्द नीट कळत नाहीत आणि दोष स्पीकरला लागतो. दुकानात हेच स्पीकर बरे वाजत होते, कारण ती खोली वेगळी होती.

इथे उदाहरणाला शहरातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचा हॉल घेतला आहे: १० फूट रुंद, १६ फूट लांब, साडेनऊ फूट उंच. खाली विट्रिफाइड फरशी, एका लांब बाजूला स्लायडिंग खिडकी, समोरच्या बाजूला आत जाणारा पॅसेज. तुमचं माप वेगळं असेल तर आकडे बदलतील, पायऱ्या त्याच राहतील. अजून काही विकत घेतलं नसेल तर उत्तमच. पहिल्या तीन पायऱ्यांना, स्टँड सोडले तर, जवळजवळ पैसे लागत नाहीत.

१. टेप घ्या, खोली मोजा

आपल्याकडच्या हवेत, म्हणजे २७ अंशांच्या आसपास, आवाज सेकंदाला साधारण ११४० फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरीची अर्धी लांबी नेमकी मावते, तो स्वर खोली स्वतःच फुगवते. हिशोब सोपा आहे: ५७० ला खोलीच्या फुटांनी भागायचं. १६ फुटांचे आले साधारण ३६ हर्ट्झ (सेकंदाला ३६ कंपनं), १० फुटांचे ५७ आणि साडेनऊ फुटांचे ६०. याच आकड्यांच्या दुप्पट-तिप्पटही फुगतात, म्हणजे १६ फुटांचा पुढचा स्वर ७१ हर्ट्झ.

आता काळी एक मध्ये गाणारा पुरुष गायक घ्या. त्याचा मध्य षड्ज १३८.६ हर्ट्झ, तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा ६९.३. हॉलचे ७१ आणि हे ६९ जवळजवळ शेजारी. त्यामुळे डग्ग्याचा किंवा खर्जाचा जो आवाज तिथे पडेल तो प्रमाणाबाहेर सुजतो, आणि काळी दोनचं गाणं लावलं की तोच हॉल बराच सुधारल्यासारखा वाटतो. एकाच स्पीकरवर एक मैफल सुंदर लागते आणि दुसरी गढूळ, यामागे अनेकदा एवढंच असतं.

रुंदीचे ५७ आणि उंचीचे ६० एकमेकांच्या अगदी जवळ आलेत, हेही बघून ठेवा. मापं सारखी असली की फुगवटे एकावर एक चढतात. म्हणूनच दहा बाय दहाची, वर दहा फूट उंचीची चौकोनी बेडरूम गाण्यासाठी सगळ्यांत अवघड. घरात निवड करता येत असेल तर लांबट खोली घ्या.

अशा आकाराच्या खोलीत २०० हर्ट्झच्या आसपास एक सीमारेषा मानता येते. तिच्या खालचा आवाज कसा लागणार हे मुख्यतः स्पीकर कुठे ठेवलेत आणि तुम्ही कुठे बसता यावर ठरतं. तिच्या वरचं बरंचसं खोलीतल्या पडदे, सोफा, गालिच्यावर. डग्गा घुमतो म्हणून पडदा बदलणं आणि आवाज टोचतो म्हणून सबवूफर (फक्त खालचे स्वर वाजवणारा वेगळा स्पीकर) घेणं, हे दोन्ही चुकीच्या औषधाचे प्रकार आहेत.

२. कोणत्या भिंतीला

आपल्याकडे टीव्ही युनिट लांब भिंतीला आणि सोफा समोरच्या लांब भिंतीला चिकटून, ही जवळजवळ ठरलेली मांडणी. गाण्यासाठी ती सगळ्यांत वाईट. डोकं भिंतीला टेकलं की खालचे सगळे स्वर जोरात लागतात, कारण भिंतीलगत त्यांचा दाब सर्वांत जास्त असतो. शिवाय मागची भिंत कानाच्या वीतभर मागून सगळा आवाज परत फेकते.

जमत असेल तर स्पीकर आखूड, म्हणजे १० फुटी भिंतीसमोर ठेवा आणि आवाज लांबीच्या दिशेने सोडा. घरात याला विरोध होईल. टीव्ही कुठे जाणार, पाहुणे कुठे बसणार, हे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं ध्वनिशास्त्रात नाहीत. मांडणी हलणारच नसेल तर निदान सोफा भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढा. तेवढ्यानेही कळण्याइतका फरक पडतो.

३. फरशीवर खुणा

विट्रिफाइड फरशा बहुधा ६०० मिलिमीटरच्या, दोन फुटांना जेमतेम कमी, आणि त्यांचे सांधे हा तयार आलेखाचा कागद आहे. मात्र कारागीर एका भिंतीपासून पूर्ण फरशी लावत जातो आणि दुसऱ्या भिंतीशी कापलेला तुकडा बसवतो. त्यामुळे सांध्यांवरून रेषा सरळ धरा, पण अंतर दोन्ही भिंतींपासून टेपनेच मोजा.

मास्किंग टेपचे तुकडे घ्या आणि सुरुवातीला असे चिकटवा. स्पीकरचा वूफर (खालचे स्वर वाजवणारा मोठा गोल भाग) त्याच्या मागच्या भिंतीपासून ३ फूट, बाजूच्या भिंतीपासून २ फूट. दोन स्पीकरमध्ये मग ६ फूट उरतात. तुमचं डोकं तुमच्या मागच्या भिंतीपासून ६ फुटांवर, म्हणजे लांबीच्या ३८ टक्क्यांवर. हा ३८ चा आकडा अंतिम सत्य नाही, पण सुरुवात म्हणून चांगला. लांबीच्या बरोबर मध्यावर, आठ फुटांवर, बसू नका. तिथे ३६ हर्ट्झचा पडाव येतो, म्हणजे तो स्वर जवळजवळ नाहीसा होतो, आणि खालचा आवाज पोकळ लागतो. रुंदीच्या मात्र मधोमधच बसा. ५७ हर्ट्झचा पडाव तिथे असतो आणि इथे तो आपल्या फायद्याचा आहे, कारण ६० चा त्रास वरून-खालून आधीच आहे.

तीन आणि दोन फूट असं वेगवेगळं का? वूफरचा आवाज मागे जातो, भिंतीवरून परत येतो आणि एका ठरावीक स्वराला उलटा पडून मूळ आवाज खातो. हा स्वर काढायला २८५ ला अंतराने भागायचं. तीन फुटांना ९५ हर्ट्झ, दोन फुटांना १४२. वूफर जमिनीपासून अडीच फुटांवर असेल तर तिथून ११४. तिन्ही अंतरं सारखी ठेवली तर तिन्ही खड्डे एकाच जागी पडतील आणि पुरुषाच्या आवाजातला सगळा भरीवपणा निघून जाईल. वेगवेगळी ठेवली की खड्डे विखुरतात.

तीन फूट पुढे आणणं शक्य नसेल तर अर्धवट पुढे आणू नका. सरळ मागे, भिंतीशी चार बोटांवर न्या. खालचा आवाज वाढेल, तो अॅम्प्लिफायरच्या बास नॉबने थोडा उतरवा. अशा जागी मागच्या बाजूला भोक असलेले स्पीकर टाळा. आधीच घेतले असतील तर त्या भोकात कंपनीने दिलेला फोमचा बोळा घाला. कोपऱ्यात तर काहीही झालं तरी नको. दोन भिंती आणि जमीन मिळून डग्ग्याचं पिंप करतात.

उंचीचा नियम एकच: ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) कानाच्या पातळीला. सोफ्यावर बसणाऱ्याचा कान जमिनीपासून ३६ ते ४० इंचांवर येतो. गादीवर मांडी घालून ऐकणाऱ्यांचा अडीच फुटांच्या आसपास, आणि बाजारातले तयार स्टँड त्यांना उंच पडतात. फॅब्रिकेटरकडून चौकोनी लोखंडी पाइपचे स्टँड आपल्या मापाने करून घ्या, पाइपमध्ये सुकी वाळू भरा, वर-खाली प्लेट. फरशी घसरडी असेल तर खाली रबर. दुकानातल्या स्टँडपेक्षा बहुधा स्वस्त आणि हलत नाहीत.

आता ऐकायचं, स्पीकर आले असतील तर. नसतील तर हा भाग खरेदीनंतर करा. फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही मोफत अॅप घ्या, मध्यम आवाजात ४० हर्ट्झपासून पाच-पाचने २०० पर्यंत चढा आणि कुठला स्वर फुगतो, कुठला गायब होतो ते कागदावर लिहा. (याच वेळी शोकेसची काच, स्लायडिंगचं शटर, फॉल्स सीलिंगमधले दिवे, भिंतीवरच्या फोटोफ्रेम यांपैकी काय काय थरथरतं तेही सापडेल. त्याला फेल्टचा तुकडा लावा. अर्धा ‘खराब बास’ तिथेच संपतो.) मग आधी खुर्ची हलवा, नंतर स्पीकर, प्रत्येक वेळी दोन-तीन इंचच. दोन्ही स्पीकर सारखेच हलले पाहिजेत. कागदावरचे चढउतार कमी होत जातील. पूर्ण सपाट कधीच होणार नाहीत.

मधली जागा तपासायला जुन्या ७८ च्या तबकड्यांवरून आलेलं नाट्यसंगीत फार कामाचं आहे. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या १९५८ च्या सुमारास, त्याआधीच्या तबकड्या मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज. मोनो ध्वनिमुद्रण लावलं की गायक दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, मूठभर जागेत उभा राहायला हवा. तो एका बाजूला सरकला तर अंतरं पुन्हा मोजा. तो भिंतभर पसरला आणि बासही पातळ झाला, तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट्या लागल्या आहेत. ही उलटी जोडणी फार घरांमध्ये असते आणि लोक तशीच वर्षानुवर्षं ऐकतात.

शेवटी स्पीकरची तोंडं. आधी दोन्ही थोडे आत वळवा, इतके की त्यांची सरळ रेष तुमच्या खांद्यांच्या बाहेरून जाईल. गायक पसरट वाटला तर अजून आत. वरचे स्वर टोचले तर पुन्हा बाहेर.

४. टाळी आणि आरसा

हॉलच्या मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. मागून ‘टर्रर्र’ असा बारीक आवाज आला तर दोन उघड्या भिंती आवाजाची फेकाफेक करताहेत. नव्या, रिकाम्या फ्लॅटमध्ये तो येतोच.

या विषयाचा पाया घातला वॉलेस सेबिन या हार्वर्डच्या तरुण प्राध्यापकाने. १८९५ मध्ये विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातलं व्याख्यानगृह इतकं घुमत होतं की बोलणं समजेना. सेबिनने शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, आवाज विरायला लागणारा वेळ मोजायचा आणि सकाळपूर्वी गाद्या परत नेऊन ठेवायच्या, असे प्रयोग केले. त्यातून त्याचं सूत्र निघालं. फुटांत ते असं: ०.०४९ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले आवाज शोषणारं एकूण क्षेत्रफळ. शोषणाचं एकक त्याने उघडी खिडकी धरली. तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे एक.

आपल्या हॉलचं घनफळ १५२० घनफूट. भिंती, छत, फरशी मिळून सुमारे ८१४ चौरस फूट पृष्ठभाग, पण सिमेंट आणि टाइल जेमतेम ३ टक्के आवाज शोषतात, म्हणजे २४ एककं. उत्तर येतं सुमारे तीन सेकंद. गाणं ऐकायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास हवं, म्हणजे साधारण १५० एककं. ती जमवायची अशी: पॅसेजचं दार-रुंदीचं उघडं तोंड जवळजवळ २४ (तिथून थोडा आवाज परत येतो, पण चालेल). खिडकीवर दुप्पट चुण्यांचा जाड पडदा, ६० चौरस फूट, सुमारे ३०. कापडी सोफा २५. जाड गालिचा १०. रेक्झिनचा सोफा असेल तर वरच्या स्वरांपुरता त्याचा उपयोग विसरा. गोधडी, जाजम टाकायला हरकत नाही, पण पातळ सुती कापड फक्त अगदी वरचे स्वर खातं आणि खोली मंद, तरीही घुमणारी होते.

पडदा पॅसेजच्या समोरच्या बाजूला का हवा, तेही यातच आलं. एका बाजूला उघडं तोंड आवाज गिळतंय आणि दुसऱ्या बाजूला काच सगळं परत फेकतेय, तर गायक काचेकडे सरकणार. ऐकताना पडदा पूर्ण ओढून घ्या.

उरलेली कमी पॅनेलने भरा. ते कुठे लावायचे याला आरसा. तुम्ही ऐकायच्या जागी बसा, दुसऱ्याने हातातला आरसा बाजूच्या भिंतीवर कानाच्या उंचीला धरून सरकवत न्यावा. ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल ती आवाज पहिल्यांदा आपटून तुमच्याकडे येण्याची जागा. तिथे पॅनेल, दुसऱ्या बाजूलाही तसंच. मधल्या फरशीवर गालिचा. सुताराकडून दोन बाय चारच्या लाकडी चौकटी करून घ्या, आत दोन इंची रॉकवूल (दगडी तंतूंची गादी), वर हवा जाईल असं कापड, आणि भिंतीपासून दोन इंच जागा सोडून टांगा. त्या मोकळ्या जागेमुळे पॅनेल आणखी खालच्या स्वरांपर्यंत काम करतं. रॉकवूल हाताळताना मास्क, हातमोजे, आणि तंतू बाहेर येणार नाहीत असं कापड चारही बाजूंनी. चार पॅनेल पुरतात.

अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांच्या नादी लागू नका. दोन्ही दिसायला स्टुडिओसारखे, कामाला जवळजवळ शून्य. तुमच्या मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट मात्र जरूर ठेवा. वेगवेगळ्या जाडीची, पुढेमागे सरकलेली पुस्तकं आवाज विखुरतात. सगळी एका रेषेत सारखी करून ठेवणाऱ्याला तेवढं सांगा.

५. आता खरेदी

या हॉलला पाच ते साडेसहा इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर पुरतात. कमरेएवढे उभे स्पीकर दिसतात झकास, पण इथे ते ३६ आणि ७१ हर्ट्झला आणखी इंधन देतील. दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये तर लहान स्पीकर चार-पाच फुटांवर ठेवून जवळून ऐका. जवळ बसलं की खोलीचा वाटा कमी होतो.

वॉटचा बाऊ खूप केला जातो. एका वॉटला एक मीटरवर ८६ डेसिबल (आवाजाच्या जोराचं माप) देणारा साधा स्पीकर घ्या. सात-आठ फुटांवर बसलात तरी जोडी मिळून एका वॉटला ८३-८४ डेसिबल येतात, आणि ते घरात मोठंच असतं. दहा वॉटला आणखी १० डेसिबल. चाळीस-पन्नास खरे वॉट म्हणजे चैन. ‘खरे’ म्हणजे आरएमएस, सतत देता येणारे. खोक्यावर पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचा, हजारातला आकडा छापला असेल तर तो वाचूच नका.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाजवळचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार, इथे वायरी, जॅक, जुनं सामान सगळं मिळतं. जुने स्पीकर घेताना वूफरच्या कडेची पट्टी बोटाने हळूच दाबून पाहा. फोमची असेल तर दमट हवेत, विशेषतः किनाऱ्याकडे, ती काही वर्षांत चुरते. रबराची टिकते. स्पीकरची वायर चांगल्या तांब्याची, दीड ते अडीच चौरस मिलिमीटरची, दोन्ही बाजूंना सारख्या लांबीची. हजारोंची वायर घेण्यापेक्षा ते पैसे पॅनेलवर घाला.

रेकॉर्ड प्लेअर असेल तर तो स्पीकरच्याच टेबलावर नको. कडप्प्याचा तुकडा रबरावर ठेवून त्यावर प्लेअर, किंवा सरळ भिंतीत ब्रॅकेट ठोका. लाकडी माळ्याच्या जुन्या घरात भिंतीलाच लावा, नाहीतर कोणी चाललं की सुई उडते.

गुणगुण ऐकू येत असेल तर एकेक वायर काढून पाहा. सेट-टॉप बॉक्सची केबल काढल्यावर थांबली तर दोष तिथल्या अर्थिंगच्या वेटोळ्यात आहे. केबलवाल्याच्या वायरीला आयसोलेटर लावा. त्यासाठी अॅम्प्लिफायरची अर्थिंगची पिन कधीच काढू नका. पंखा लावल्यावरच आवाज येत असेल तर रेग्युलेटर बदला. गोल फिरणारे जुने डिमर-रेग्युलेटर अशी खरखर करतात, पायऱ्यापायऱ्यांचे करत नाहीत.

६. मोजमाप, आणि खालच्या मजल्यावरचे

सगळं जागेवर बसल्यावरच मोजा. रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि यूमिक-१ सारखा यूएसबी माइक पुरतो. आलेखावर २०० हर्ट्झच्या खाली जे डोंगर दिसतील ते सॉफ्टवेअरने कापायचे. दऱ्या भरायला जायचं नाही. १० डेसिबलची दरी भरायची म्हणजे त्या स्वराला अॅम्प्लिफायरकडून दहापट वॉट मागायचे, आणि ती दरी मुळात दोन लहरी एकमेकींना खोडतात म्हणून पडलेली, त्यामुळे कितीही वॉट ओतले तरी ती बहुतेक तशीच राहते. दरीचा इलाज खुर्ची हलवणं. २०० च्या वर सॉफ्टवेअरने फार ढवळाढवळ केली की बहुतेकांना ते ऐकताना आवडत नाही, मलाही नाही.

सबवूफर घ्यायचाच असेल तर तो तात्पुरता तुमच्या खुर्चीच्या जागी ठेवा, बासचं गाणं लावा आणि तुम्ही जमिनीवर रांगत खोलीभर फिरा. जिथे बास स्वच्छ, मोजका ऐकू येईल तिथे सबवूफर. ही जागा बहुतेक वेळा कुणाच्या तरी वाटेत येते.

फ्लॅटमध्ये मात्र आधी खालच्यांशी बोला. वरचे स्वर भिंत अडवते, बास स्लॅबमधून उतरतो, आणि तुमच्या हॉलमध्ये तो फुगतो तसाच त्यांच्याही हॉलमध्ये फुगतो, कारण मापं तीच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दहानंतर सबवूफर बंद, आणि स्पीकरखाली रबराचे पाय ठेवलेले बरे.